माशाचं तोंड मिटेपर्यंत

बाबांना विचारण्याआधीच मी होकार कळवून टाकला होता. गोर गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होणार होती. तिथल्या बाईंचा फोन आला, "लवकर कळवा, मागे रांग आहे," म्हणाल्या, आणि मी उभ्याउभ्या हो म्हटलं. एक मेपासून. फॉर्मवर सही करून पाठवलासुद्धा. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं, ते सहा आठवडे राहिलं.

माझा स्वभावच तसा, त्याला औषध नाही. तीस वर्षं मी रुग्णवाहिका चालवली. त्या कामात जो थांबला त्याचा रोगी गेला. निवृत्त झाले तरी पायांना ते कोणी कळवलं नव्हतं. मार्चमध्ये बाबांनी रिकामं पातेलं शेगडीवर ठेवलं, पडदा पेटला, शेजाऱ्यांनी विझवला, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. आल्या दिवशीच सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या दिवशी आवरायला काही उरलं नाही, तर त्यांचा चहाचा कप उचलून विसळायला घेतला.

"अगं, त्यात अजून दोन घोट होते," बाबा म्हणाले.

हेक्टर डॅलग्लिश, वय चौऱ्याऐंशी, मटाउरा नदीवर साठ वर्षं ट्राउट मासे पकडलेला माणूस. आता त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. पिसं आणि रेशीम गुंडाळून गळावर खोटी माशी बांधायचे, तेही सुटलं. पूर्वी बांधलेल्या अकरा माश्या एका पत्र्याच्या डबीत उरल्या होत्या.

"तीस एप्रिलला हंगाम बंद," ते म्हणाले. "त्याच्या आत मला एक मासा हवा. गळाची काठी मी धरीन, फेक माझी. पाण्यावरची माशी तू बघ. माशाने घेतली की सांग, 'आता'."

"त्यात काय मोठंसं?" मी म्हटलं.

पहिल्याच दुपारी काठावरच्या विलोच्या झाडाच्या सावलीत पाणी फुगलं, एक तपकिरी नाक वर आलं आणि मी बोंबलले, "आता!" बाबांनी काठी उचलली. माशी माशाच्या तोंडासमोरून उडाली ती थेट झाडात.

"तोंड उघडलं होतं," बाबा म्हणाले. "मिटलं कुठे होतं? माशी तोंडात घेऊन मासा खाली वळला पाहिजे. त्याने माशी घेतली की मनात जुन्या राष्ट्रगीताची ओळ म्हणायची, देवा, राणीला सुखी ठेव. सावकाश. मग ओढायचं."

"राणी कधीच गेली, बाबा. आता राजा आहे."

"असेल. इथले मासे राणीच्याच वेळचे आहेत."

पुढच्या आठवड्यात मी तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मला 'देवा'च्या पुढे जाताच येईना. डबीत आठ माश्या उरल्या तेव्हा बाबांनी काठी माझ्या हातात दिली.

"तूच शीक. सांगून कळायचं नाही तुला, ठेच लागली की कळेल."

घरामागच्या गवतावर शिकवणी सुरू झाली. बाबा खुर्चीत, डोळे मिटून. दोरी मागे गेली की ती पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे फेकायची, एवढंच. त्यांना माझी चूक कानांनी कळायची. मी घाई केली की हवेत चाबकासारखा आवाज निघायचा.

"गेली माशी," बाबा न बघता म्हणायचे. मी बघायला गेले की दोरीच्या टोकाची माशी खरंच तुटून गेलेली असायची.

राग यायचा. त्यांचा, दोरीचा, त्या शहाण्या माशांचा. रोज ठरवायचे की आज जेवताना वृद्धाश्रमाचं सांगून टाकायचं. मग ते मटणाचा तुकडा कापता कापता म्हणायचे, "आज मागे थोडी थांबलीस, ऐकलं मी," आणि मी ते उद्यावर ढकलायचे. माणसाला मरणाची बातमी देताना मी कधी अडखळले नव्हते. बापाला एका खोलीची बातमी देता येत नव्हती, याची लाज वाटायची.

तीस एप्रिलला ऊन होतं. डबीत तीन माश्या होत्या. दुपारी खऱ्या माश्या पाण्यावर तरंगू लागल्या आणि विलोखाली एक मासा ठरावीक वेळाने वर येऊ लागला. मी बाबांना दंडाला धरून पाण्यात उभं केलं.

"डावीकडे, बारा हात," मी म्हटलं. त्यांनी फेकली. डोळे गेले तरी हात शाबूत होते. माशी वाहत खाली आली. नाक वर आलं, तोंड उघडलं, माशी दिसेनाशी झाली. माझं सगळं अंग ओरडत होतं. मी दात आवळले. देवा, राणीला, सुखी, ठेव.

"आता."

काठी वाकली. पुढची दहा मिनिटं बाबा हसत होते की रडत होते मला कळलं नाही, मीही तेच करत होते. जाळ्यात आलेल्या माशाच्या पाठीवरून त्यांनी ओला हात फिरवला, शेपटीपासून डोक्यापर्यंत, ओळख पटवल्यासारखा. मग त्याला पाण्यात सोडलं.

"जा," ते म्हणाले. "ऑक्टोबरात हंगाम उघडला की भेटू."

त्या ऑक्टोबरने माझा बांध फुटला. "बाबा, मी तुमच्यासाठी वृद्धाश्रमात खोली घेतली आहे. उद्यापासून. तुम्हाला न विचारता."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"त्या बाईंनी घरी फोन केला होता. खुर्ची कसली लागते विचारत होत्या. झाले पाच आठवडे."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो."

"मी आत्ताच फोन करून रद्द करते. नाहीतर आधी बघून येऊ या, किंवा महिनाभरच..."

"झालं सुरू! पुन्हा झाडात घातलीस."

मी खिशाकडे नेलेला हात मागे घेतला. मग जे सहा आठवड्यांपूर्वी विचारायचं ते विचारलं. "तुम्हाला काय हवं आहे, बाबा?"

ते दोरी गुंडाळू लागले. मी मनात राणीला सुखी ठेवलं, एकदा, दोनदा, तीनदा. जीभ वळवळत होती, ती आत ठेवली.

"खोलीची खिडकी कुठे उघडते?" त्यांनी विचारलं.

"गाड्या लावायच्या जागेकडे."

"मग नको."

"आणि शेगडी?"

"शेगडीला तू आहेस की. ऑक्टोबरपर्यंत राहा. मग बघू."

म्हणजे आमच्याकडचा जून-जुलैचा सगळा हिवाळा. आवरलेली कपाटं, दोन घोट उरलेले कप, हा म्हातारा आणि मी. मी वेडी होईन, हे त्यांनाही ठाऊक होतं. डोळे पाण्याकडे लावून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. देवा, राणीला सुखी ठेव, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं.

"बरं," मी म्हणाले.