फेलेतीआजोबांचा ताल

मी मेट्रोनोम बोलतोय. लाकडी, त्रिकोणी पेटी. चावी भरली की माझा काटा डोलतो, टकटक होते आणि वाजवणाऱ्यांचा ताल चुकत नाही. ऑकलंडला ओटाहुहूतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून फेलेतीआजोबांनी मला आणलं, चर्चच्या ब्रास बँडसाठी. सगळी टोंगा बेटांवरून आलेली मंडळी. फुंकायला दमदार, पण ताल म्हणजे ज्याचा त्याचा.

पुढे आजोबांना पार्किन्सन्स झाला. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे, तेही नेमके दारात. एका रविवारी ते चर्चच्या दारात अडले आणि मागे रांग लागली.

"फेलेती, देव आत आहे. दारात कुणाची वाट बघतोस?" मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या पायांची," आजोबा म्हणाले. सगळे हसले. त्यांची नात लुपे मात्र हसली नाही.

त्याच आठवड्यात ती मला लावून कॉर्नेट, म्हणजे तिची छोटी तुतारी, फुंकायचा सराव करत होती. आजोबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आले आणि न अडता थेट टेबलाशी जाऊन बसले.

"आजोबा, तुम्ही अडला नाहीत."

"मग? जेवायचं नाही का?"

तिनं त्यांना परत उंबऱ्यावर नेलं, मला थांबवलं. पाय अडले. मला सुरू केलं. पाय निघाले. असं चारदा झालं.

"मी काय खेळणं आहे का गं?" आजोबा वैतागले. "अळूच्या पानातलं लू गार होतंय माझं."

लुपे गणित आणि कॉम्प्युटर शिकत होती. तिनं कॉम्प्युटरवर मेंदूतल्या पेशींचं एक खोटं जाळं मांडलं. ते आजोबांसारखं अडायचं, पण माझी टकटक दिली तरी निघायचं नाही. तिनं ते महिनोन्महिने उसवलं आणि पुन्हा विणलं.

"बँकेची नोकरी हातात आहे, आणि अजून शिकणार?" तिची आई सालोटे म्हणाली. "औषध शोधणार आहेस का?"

"नाही आई. पण औषध शोधणाऱ्यांना आधी कळायला हवं ना, नेमकं कुठे अडतंय."

तिनं ड्युनेडिनच्या विद्यापीठात अर्ज केला, आणि तिथल्या प्राध्यापकबाईंनी लॅपटॉपवरून मुलाखत घेतली. मी शेजारीच होतो. त्यांनी विचारलं, "मेंदूचं गणितच का?"

लुपेनं पाठ केलेलं उत्तर बाजूला ठेवलं. "माझ्या आजोबांचे पाय टकटकीनं सुटतात. माझं गणित सुटत नाही. का, ते मला एकटीला कळत नाहीये."

बाई म्हणाल्या, "आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. ये."

लुपे फेब्रुवारीत ड्युनेडिनला गेली. मला न्यायचं तिच्या मनात होतं, पण बॅगेतून काढून तिनं मला पुन्हा फडताळावर ठेवलं.

आता माझी स्प्रिंग सैल पडलीये. मी रेंगाळतो, तसे आजोबाही रेंगाळतात. सालोटे, लुपेचं गणित सुटायला वेळ लागेल. तोवर माझी चावी रोज भर. आणि मी बंदच पडलो, तर टाळ्या वाजव. टाळ्याही चालतील, आणि आजोबाही.