महास्पर्शाचं घमेलं

हॉल दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता. रांग जिन्यावरून खाली उतरून, चष्म्याच्या दुकानाला वळसा घालून पार बसस्टॉपपर्यंत गेली होती. बसची वाट बघणारे दोघं-तिघं चुकून रांगेतच पुढे सरकत होते.

"काय मिळतंय हो वर?" त्यातल्या एकानं विचारलं.

"गेलेलं माणूस येऊन हात धरतंय," माझ्या पुढची बाई म्हणाली.

"कुणाचा?"

"आपला! दुसऱ्या कुणाचा धरेल?"

तो माणूस बस सोडून रांगेत थांबला.

मी आले होते ती काकूंना जिना चढवायला. काकू माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. छत्तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होत्या. काका जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा रेडिओ सकाळी सहाला सुरू होतो आणि झोपेपर्यंत बंद होत नाही. बातम्या असोत, गाणी असोत, शेतीचा सल्ला असो, काकूंना सगळं चालतं. घरात कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं.

वर पडदे ओढलेले, पंखे बंद. समोर पांढऱ्या कपड्यांत स्पर्शगुरू बसले होते. गृहस्थ गुटगुटीत, आवाज असा की ऐकणाऱ्याला जांभई यावी आणि रडूही यावं.

"मृत्यू म्हणजे काय?" ते विचारत होते. "रेंज गेली! फोन बंद नाही झाला, माउली, फक्त रेंज गेली! ही श्वेतमाती म्हणजे टॉवर. हिच्यात कंपनं उतरतात. पेशी पेशीला ओळखते. डोळे मिटा, आपल्या माणसाचं नाव घ्या, आणि हात द्या. तो धरेल!"

एका शिष्यानं काकूंच्या तळहाताला सुगंधी तेल चोळलं. दुसऱ्यानं तसराळ्यात पांढरी भुकटी घेतली, तांब्यातलं पाणी ओतलं, काहीतरी चिमूटभर टाकलं आणि घोटलं. खिरीएवढं दाट झाल्यावर काकूंचा हात अलगद वर टेकवला.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. दहाव्या मिनिटाला काकूंचा चेहरा बदलला.

"अगं," त्या मला म्हणाल्या, आणि मोकळ्या हातानं मला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "गरम लागतंय गं. हे असाच धरायचे. रस्ता ओलांडताना."

काकूंना साखर आहे. बोटांची जाणीव बरीच गेलेली. गरम कपाचा चटका त्यांना कळत नाही, म्हणून त्यांचा चहा मी निववून देते. पण अख्खा तळहात इतका वेळ टेकून राहिला, तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा त्याला ऊब कळली होती.

आणि मला ती भुकटी पाण्यात पडताक्षणीच कळली होती. कळायलाच हवी. वीस वर्षं मी तीच घोटतेय.

मी पीओपीचं काम करते. छताला नक्षीच्या पट्ट्या, दिव्याभोवतीची फुलं, भिंतीच्या कडा. शिकवलं कुणी नाही. नवरा साइटवर वायरिंग करायचा, मी डबा घेऊन जायची, आणि त्याचं जेवण होईपर्यंत मिस्त्रीचे हात बघत बसायची. पुढे नवरा गेला आणि हात राहिले. हे पांढरं पीठ पाण्यात कालवलं की आवळायला, म्हणजे घट्ट व्हायला लागतं, आणि आवळताना तापतं. थंडीच्या दिवसांत आम्ही घमेल्यात उरलेल्या गोळ्यावर हात शेकतो. नव्या इमारतीतल्या रिकाम्या घरात, खिडक्यांना काचा नसताना, दुसरं कोण हात शेकू देतं?

तेल कशाला, तेही ठाऊक होतं. साच्यातून नक्षी सुटावी म्हणून आम्हीही तेलच लावतो. चिमूट मिठाची होती, मिठानं माल लवकर धरतो. पलीकडे एका म्हाताऱ्याचं तसराळं शेवटपर्यंत गार राहिलं, तेव्हा गुरू खेदानं म्हणाले, "श्रद्धा कमी पडली, बाबा." म्हातारा मान खाली घालून उठला. पोत्याला दमट हवा लागली होती, एवढंच. तसला माल आम्ही फेकून देतो.

हे सगळं माहीत असूनही मी गप्प बसले. काकू रडत होत्या, आणि इतक्या सुखानं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, कुणाचं काय जातंय? कोमट पीठ तर आहे.

ती माझी चूक. कारण काकूंचा हात सुटल्यावर गुरूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"माउली, तुमचं नातं फार घट्ट. तुम्हाला एवढ्याशा पात्रात भेट पुरायची नाही. पुढच्या रविवारी महास्पर्श करू. मोठं पात्र, दोन्ही हात, मनगटाच्या वरपर्यंत आत. पात्र जितकं मोठं तितकी भेट लांब. तासभर! मधे हात काढायचा नाही. काढलात तर ते कायमचे परत जातील."

तसराळ्यातला माल कोमट होतो. घमेलंभर माल आतून भाजतो. आमच्यातल्या एका मिस्त्रीनं पैजेवर बादलीत हात रोवून ठेवला होता. माल आवळला, हात निघेना, छिन्नीनं फोडून काढला. त्याची दोन बोटं आजही वळत नाहीत. आणि त्याला निदान चटका कळत होता.

घरी येताना काकूंनी तो हाताच्या खोलगट ठशाचा गोळा पदराखाली धरला होता. घरी रेडिओशेजारी ठेवला. आणि रेडिओ बंद केला!

मी दोन दिवस शब्द जुळवले. मग सांगितलं.

"काकू, ते पीओपी आहे. माझ्या छताचं. कालवलं की आपोआप तापतं. मोठ्या पात्रात हात भाजतील तुमचे."

"तुझं छत कधी कुणाचा हात धरतं का?" काकू म्हणाल्या.

"मी आता करून दाखवते, थांबा."

"नको." त्यांनी ठशावरून बोट फिरवलं. "तू दाखवशील. तुला सगळं येतं. पण मला त्यांचा हात कळला, त्याचं काय?"

"ऊब कळली, काकू. हात नव्हता तो."

"तुझा मेला असता ना, तर तुला फरक कळला असता," काकू शांतपणे म्हणाल्या. "तो निघून गेला. तुला आमचं बघवणार कसं?"

मी उठून माझ्या खोलीत आले. वाईट वाटलं नाही असं नाही. पण रविवार पाच दिवसांवर होता, आणि वाईट वाटून घ्यायला नंतरही वेळ मिळणार होता.

पुढल्या रविवारी हॉल आणखी भरला होता. मधोमध स्टुलावर ते महापात्र. माझ्या घमेल्याच्या दुप्पट. शेजारी भुकटीचं अख्खं पोतं, वर पांढरं फडकं. काकू काकांच्या आवडीची निळी साडी नेसल्या होत्या. तेल लावून झालं होतं.

"गुरुजी," मी उभी राहिले, "यांच्या आधी मला एकदा भेट घडवा. लहानशी. मी एकटीच असते."

गुरूंनी मला आपादमस्तक पाहिलं. नखांतलं पांढरं पीओपी त्यांना दिसलं नसावं. "कुणाला बोलवायचं, ताई?"

"नवऱ्याला."

"केव्हा गेले?"

"अकरा वर्षं झाली."

"अरेरे!" हॉलमधून उमटलं. काकूंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

तेल, तसराळं, चिमूट. मी डोळे मिटले. आता खरं सांगते, दहाव्या मिनिटाला ऊब आली, तेव्हा मला तिचं सगळं गणित पाठ होतं, आणि तरी मला हात काढावासा वाटेना. अकरा वर्षांत माझा हात कुणी एवढा वेळ धरला नव्हता. पिठाला ते माहीत नव्हतं, मला होतं.

"आले?" गुरूंनी हळूच विचारलं.

"गरम लागतंय."

"तेच ते! ओळख पटली! सांगताहेत, मी तुझ्याजवळच आहे, तुला विसरलो नाही!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी हात काढला, पुसला आणि पर्समधून फोन घेतला. एक नंबर माझ्याकडे होता. नणंदेनं कधीतरी दिलेला. मी तो 'करू नको' या नावानं ठेवला होता आणि कधीच केला नव्हता. तो लावला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो?" हॉलभर आवाज घुमला. "हॅलो, कोण?"

"मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?"

"ओळखलं नाहीस?"

"अहो मॅडम, दिवसाला पन्नास फोन येतात. कुठली बिल्डिंग? वायरिंगचं काम असेल तर संध्याकाळी फोन करा, मी आता शिडीवर आहे."

"बरं. सांभाळून उतर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मागून कुणीतरी विचारलं, "हे कोण?"

"हा माझा नवरा. आत्ता ज्यानं येऊन माझा हात धरला आणि विसरलो नाही म्हणाला, तो. मेलेला नाही, दुसरीकडे संसार करतोय. गुरुजी, रेंज फारच चांगली आहे तुमची!"

आधी एक हसला, मग सगळा हॉल. मीही हसले. त्यानं आवाजसुद्धा ओळखला नव्हता, पण ती गोष्ट त्या हॉलच्या कामाची नव्हती.

गुरू मात्र मुरलेले होते. "जिवंत माणसाचंही कंपन येतं! मनातून मेलेला म्हणजे मेलेलाच!"

"खरंय," चष्म्याचा दुकानदार म्हणाला. तो पहिल्या रांगेत असायचा, रांगेनं त्याचा धंदा वाढला होता. "येऊ शकतं कंपन."

"मग या भाऊ, तुम्हीच या," मी म्हटलं. पिशवीतून माझी भुकटी काढली, साइटवरचीच. नळाचं पाणी आणलं, खालच्या चहावाल्याकडचं मीठ घेतलं. "तेल लावा हाताला. ठेवा."

"कुणाचं नाव घेऊ?"

"कुणाचंच नको. पाढे म्हणा."

लोक पुन्हा हसले. तो खरंच बे एके बे करत बसला. चौदा चोकच्या आसपास थांबला.

"काय झालं?"

"गरम लागतंय," तो ओशाळून म्हणाला.

"कोण आलंय?"

"कुणी नाही हो... चौदा चोक छप्पन."

तोवर मी महापात्रात त्यांचंच पोतं उपडं केलं होतं. शिष्य मधे पडायला आला, तर गेल्या रविवारी रांगेत माझ्या पुढे असलेल्या बाईनं त्याला बाजूला केलं. "करू दे तिला, तुमची माती खरी असेल तर घाबरता कशाला?" मी पाणी ओतून घोटलं. वीस वर्षांचा हात, गुठळी राहिली नाही. मग पिशवीतली बोटाएवढ्या जाडीची एक मेणबत्ती त्यात अर्धी रोवली.

"काकू, इकडे या. हे तुमचं बोट समजा."

आम्ही थांबलो. गुरूंनी एकदोनदा 'अश्रद्धा' हा शब्द काढला, पण त्यांचं लक्षही मेणबत्तीकडेच होतं. माल आवळला, दगडासारखा झाला. कडेला वाफेचा ओलसर वास सुटला. पाऊण तासानं मी छिन्नी लावली आणि वरचा थर फोडला. आतली मेणबत्ती लोण्यासारखी मऊ पडली होती. मी उचलली, तर ती माझ्या बोटांवर वाकली आणि मान टाकल्यासारखी लोंबली.

काकूंनी आपले तेल लावलेले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"एक दगड असतो," मी सगळ्यांना सांगितलं. "तो भट्टीत भाजून त्याच्यातलं पाणी उडवतात आणि पीठ करतात. पाणी परत मिळालं की ते पुन्हा दगड होतं, आणि होताना उष्णता बाहेर टाकतं. छतावरही टाकतं, मोडलेल्या पायावर डॉक्टर लावतात तेव्हाही टाकतं. डॉक्टर पातळ थर देतात आणि वर लक्ष ठेवतात, म्हणून भाजत नाही. यांना तेवढीही काळजी नाही. या बाईंना चटका कळत नाही, हे विचारलंत तुम्ही, गुरुजी?"

त्यांनी विचारलं नव्हतं. गेल्या रविवारी ज्याची श्रद्धा कमी पडली होती तो म्हातारा उठला आणि म्हणाला, "म्हणजे माझी बायको माझ्यावर रागावलेली नव्हती?"

"नाही हो, बाबा. पोतं ओलं होतं."

तो आठवडाभर ते मनात घेऊन फिरत होता. मला गुरूचा पहिला खरा राग तेव्हा आला. बाकीच्यांनाही आला असावा, कारण त्यानंतर तिथे जो गलका झाला, त्यात गुरू मागच्या जिन्यानं कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. श्वेतमातीची पोती मागे राहिली. त्यांच्यावर इमारतीच्या मालाच्या दुकानाचा शिक्का होता.

काकू माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. रेडिओ पुन्हा सकाळी सहाला सुरू झाला. पाचव्या दिवशी मी चहा निववून नेला, तर त्या तो ठसा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "दगडासारखा."

"दगडच आहे, काकू."

"तू खरं केलंस. पण माझी ऊब गेली ना."

मी चहा खाली ठेवला. त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "तुलाही कळली होती ना, त्या दिवशी? मी बघत होते तुझं तोंड."

"कळली होती."

"आणि तरी फोन लावलास."

"तुमची बोटं जाणार होती."

त्यांनी ठसा बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेतला. माझे तळवे पीओपीनं खरखरीत झालेत, तडे पडलेत. "केवढा खडबडीत गं हा," काकू म्हणाल्या, पण सोडला नाही. "मला गरम आहे की गार ते कळत नाहीये."

"कोमट आहे," मी सांगितलं.

ज्यांचं माणूस गेलंय, त्यांना मी हसत नाही. पण हात जिथे ठेवायचा तिथली वस्तू आधी तपासावी, एवढीच विनंती. नाव घेतल्यावर तापली, तर एकदा नाव न घेता ठेवून बघावा. तरीही तापली, तर तो त्या वस्तूचा गुण आहे. आणि हात धरणारं कुणी हवंच असेल, तर शेजारचं दार वाजवावं. आतला रेडिओ फार मोठ्यानं लागलेला असेल, म्हणून जरा जोरात वाजवावं.