पिंपळाचं पाप कुणाच्या नावावर?

कठड्यातला पिंपळ नूरमोहम्मद गवंड्याच्या हातानं निघाला, तर आप्पासाहेबांचा फायदाच फायदा होता. गच्चीच्या कठड्याची भेग बुजणार होती. बैठकीत ठिबकणारं पाणी थांबणार होतं. श्रावणातल्या शनिवारी मारुतीच्या देवळातल्या पिंपळाला घातलेल्या प्रदक्षिणांचं पुण्य जागच्या जागी राहणार होतं. आणि पिंपळ तोडल्याचं जे काही पाप असतं, ते परस्पर नूरमोहम्मदच्या नावावर चढणार होतं. खर्च काय, तर गवंड्याची एक हजेरी आणि वर चहा. असा सौदा उस्मानपुऱ्यात रोज मिळत नाही.

यात आप्पासाहेब काही जगावेगळे नव्हते बरं का! आपल्याकडं ही रीतच पडून गेली आहे. पाखरानं बी टाकावं, पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवावा, घरधन्यानं लांबूनच हात जोडावेत आणि मग एखाद्या मुसलमान गवंड्याला निरोप धाडावा.

राखीसाठी कन्नडहून आलेली त्यांची थोरली बहीण मनकर्णाबाई ओट्यावर शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "आप्पा, कमरंएवढं तर झाड हाय. तूच का नाय काढत?"

"आक्का, पिंपळ आहे तो! विष्णूचा वास असतो. आपण हत्यार लावायचं नसतं."

"आन् नूरभाईनं लावलं, तर विष्णू काय गावाला जातो?"

"त्यांच्यात पिंपळाचं पाप नसतं, आक्का."

"हे त्यांनी सांगितलं, का तूच ठरवलं? दिवा लावला की पुण्य तुझं, छिन्नी लावली की पाप त्याचं. असली वाटणी आपल्या भावकीतबी कुणी केली नाय!"

आप्पासाहेब हसले. हसण्यावारी नेलं की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांना नोकरीत असल्यापासून ठाऊक होतं.

एवढ्यात नूरमोहम्मद शिडी घेऊन आला. शिडी भिंतीला लावली, पण चढेना.

"साब, तुम्ही इथंच खडे राहा. मागच्या साली एका ठिकाणी लोकं जमले होते. घरवाले अंदरच बसून राहिले."

"अरे, मी आहे ना! चढ तू बिनधास्त."

तो चढला. आणि आप्पासाहेब, तोडताना बघायला नको म्हणून, आत गेले.

छिन्नीचे दोन-चार घाव बसले आणि एक फांदी रस्त्यावर पडली. एक स्कूटर थांबली. मग दुसरी. दुधाची पिशवी घेऊन चाललेला एक गृहस्थ थांबला.

"ए! पिंपळ तोडतो? तेही श्रावणात?"

"कोण हाय रे तो? नाव विचारा त्याचं!"

नाव कळलं आणि आवाज चढले. कुणीतरी शिडीला हात घातला. शिडी हलली. वरून नूरमोहम्मदनं हाक मारली, "आप्पासाब! ओ आप्पासाब!"

आप्पासाहेब खिडकीच्या पडद्यामागं उभे होते. त्यांचा हिशेब सुरू होता. खाली जमलेल्यांपैकी निम्मे शनिवारी प्रदक्षिणेला सोबत असायचे. बाहेर जावं, तर त्यांच्यातली इज्जत जाते. गप्प राहावं, तर आपलं काही जात नाही. गर्दी काय, पाच मिनिटांत पांगेल.

गर्दी पांगली नाही, वाढली.

"आप्पा, तो हाका मारतोय." मनकर्णाबाई मागं येऊन उभी राहिली होती.

"आक्का, लोकं तापलेत. आता गेलो तर..."

"तर तुला बोलतील. नाय गेलास तर त्याला मारतील. हिशेब तुला लई चांगला येतो, मांड की!" मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पिंपळाचं पाप कुणाला लागतं, मला ठाव नाय. पण हे पडद्यामागं जे चाललंय ना, त्याचा धनी तूच हायेस, आप्पा. ते कुण्या नूरभाईच्या नावावर चढत नाय!"

बाहेर शिडी पुन्हा करकरली. आप्पासाहेब अनवाणीच धावले!

"शिडी सोडा! सोडा म्हणतो ना! घर माझं आहे. झाड काढायला मी सांगितलंय. काय बोलायचं ते मला बोला!"

दुधाच्या पिशवीवाला म्हणाला, "आप्पासाहेब, तुम्ही? अन् शनिवारी तर..."

"हो, शनिवारी प्रदक्षिणा घालणाराही मीच."

मग लोकांनी त्यांना पोटभर सुनावलं. ते ऐकून घेत उभे राहिले. शेवटी मनकर्णाबाईच फाटकाशी आली.

"एवढी माया हाय झाडाची, तर मुळासकट काढून देतो. बोला, कोण नेतंय घरी?"

कुणाच्या फ्लॅटला अंगण नव्हतं. कुणाच्या घराच्या पायाला मुळ्या लागल्या असत्या. एकाला एकदम दूध नासेल याची आठवण झाली. गर्दी खरोखरच पाच मिनिटांत पांगली.

नूरमोहम्मद खाली उतरला. आप्पासाहेबांनी धोतर खोचलं, छिन्नी घेतली आणि स्वतः शिडी चढले. खालून शिडी धरून नूरमोहम्मद सांगत गेला, "मुळीला नको साब, बाजूच्या विटेला मारा." दुपारपर्यंत रोप बऱ्याचशा मुळ्यांसकट हाती आलं. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी ते हर्सूलच्या आपल्या वावरात, विहिरीपासून लांब, बांधावर लावलं. दोन उन्हाळे पाणी घालण्याची शपथ मनकर्णाबाईनं राखी बांधतानाच घ्यायला लावली.

तेव्हा मंडळी, पिंपळावर भक्ती असेल तर त्याला मोकळी जागा द्या आणि पाणी घाला. नुसत्या प्रदक्षिणांवर झाड वाढत नाही. आणि जे काम आपल्या हातानं करायला मन धजत नाही, ते दुसऱ्याच्या हातानं करवून घेऊन स्वतः हात जोडून उभे राहू नका.

आता जमाखर्च. कठडा दुरुस्त झाला, बैठक कोरडी झाली. आप्पासाहेबांच्या तळहाताला फोड आले आणि पुढचे काही शनिवार दोघंतिघं त्यांच्याशी बोलले नाहीत. हे त्यांनी भरलं. पिंपळानं दोन मुळ्या भरल्या आणि चैत्रात नवी तांबूस पानं मिळवली. गर्दीचा काहीच खर्च झाला नाही, तिचा कधीच होत नाही. नूरमोहम्मदला हजेरी मिळाली, चहा मिळाला, आप्पासाहेबांनी त्याची माफीही मागितली. पण रस्त्याच्या बाजूच्या भिंतीचं काम आलं, की तो आता आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवतो. शिडीवरची ती पाच मिनिटं त्याला कुणी परत दिली नाहीत. ती त्यानं एकट्यानं भरली.