सकाळचे चाक, दुपारचे चाक

मित्रांनो, माझी किंमत नुकतीच ठरली आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे आणि मी फार दमले आहे. धावून दमले असते तर काही वाटले नसते. पण गेली नऊ वर्षे मी मागच्या गॅलरीत दोन खिळ्यांवर लटकत होते. शेजारी कपडे वाळत घालायची दोरी, खाली रिकाम्या बरण्या. नुसते लटकून राहण्याचाही शीण येतो, हे लटकल्याशिवाय कळत नाही.

आता हे घर रिकामे व्हायचे आहे. माझे मालक आणि त्यांची बायको महिनाअखेर लेकीकडे राहायला जाणार, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे माझ्यासाठी जागा नाही, हे लेकीने फोनवर अगदी गोड शब्दांत सांगितले. म्हणून मला विकायचे ठरले. मालकांना मी दाजी म्हणते, कारण त्यांचा मेहुणा त्यांना दिवसातून पन्नास वेळा तशी हाक मारायचा आणि तीच माझ्या कानात बसली. तो आपल्या बहिणीला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताई म्हणते. तो स्वतः ताईंचा एकुलता एक भाऊ. त्याला सगळे धाकटा म्हणत.

घर सोडायचे ठरले तेव्हा ताईंनी दाजींकडे एकच मागणे मागितले. "जायच्या आधी एकदा माझ्या भावाला इथं जेवायला आणा. एकतीस वर्षं झाली त्याला या घरात येऊन. तुम्ही जिंकलात म्हणून रुसून बसलाय. असेल जळका, पण माझाच आहे ना?"

दाजी दर वेळी म्हणत, "आधी त्या सायकलचं बघू." ताईंना वाटे, यांना सायकलची केवढी काळजी! माझी कसली काळजी? धाकट्याचे नाव निघाले की त्या माणसाला हटकून दुसरे काम आठवायचे. त्याचे कारण मला माहीत होते, दाजींना माहीत होते आणि धाकट्याला माहीत होते. ताईंना मात्र माहीत नव्हते.

मला एका कारागिराने दाजींच्या मापाने घडवले. दोरी लावून त्याने त्यांचे पाय मोजले, हात मोजले, पाठ मोजली. पातळ पोलादी नळ्या पितळेने झाळून जोडल्या आणि वर गडद विटकरी रंग दिला. माझी चाके खास होती. चाकाच्या मधोमध, जिथून तारा निघतात, तो हब चांगला मोठ्या कडांचा होता आणि त्या कडांना गोल गोल भोके होती. वजन वाचावे म्हणून पाडलेली, पण मला ती दागिन्यासारखी वाटायची.

दाजी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात काचा घासायचे. केसाएवढा ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. रविवारी मला पुसायला बसले की दुपार व्हायची. ताई म्हणायच्या, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत तर मीही चकाकले असते."

कारखान्याचा सायकल संघ होता. धाकटाही त्यात होता, हंगामी नोकरीवर, कारखान्याने दिलेल्या साध्या सायकलवर. संघाची रीत अशी, की एकाने जिंकायचे आणि बाकीच्यांनी त्याला जिंकवायचे. आमच्यात जिंकायचे दाजींनी. समोरून वारा आला की धाकटा पुढे होई आणि आम्ही त्याच्या आडोशाने चालत असू. तासन्‌तास मी त्याच्या मागच्या चाकाकडे बघत धावले आहे. परत आल्यावर तो ताईंच्या हातचे असे जेवायचा, की भांडी घासायची गरज उरायची नाही.

मग ती मोठी शर्यत आली. जिंकणाऱ्याला कारखाना नोकरीत कायम करणार होता. शेवटच्या घाटात दाजी आणि धाकटा सगळ्यांच्या पुढे होते आणि पंचांची गाडी दोन वळणे मागे होती. उतारावर खड्डा आला. माझे पुढचे चाक त्यात आदळले, रिम चेपली, तारा तटातट तुटल्या. दाजी रस्त्याच्या कडेला डोके धरून बसले.

धाकट्याने ब्रेक दाबले. एक शब्द न बोलता त्याने आपल्या सायकलचे पुढचे चाक काढले आणि मला बसवले. शर्यतीचा नियम कडक होता. दुसऱ्या स्वाराच्या सायकलचे सामान घेतले की बाद. दाजी म्हणाले, "अरे, कुणी बघितलं तर?" धाकटा म्हणाला, "बघायच्या आत पळा, दाजी!" आम्ही पळालो. वळणावर मला मागचे थोडेसे दिसले. तो माझे मोडके चाक दरीत फेकून देत होता, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

आम्ही जिंकलो. टाळ्या झाल्या, चषक मिळाला, फोटो निघाले. दाजी कायम झाले. मॅनेजरसाहेबांनी धाकट्याला विचारले, "चाक कुठंय?" तो म्हणाला, "मोडलं, टाकून दिलं." कारखान्याचे सामान फेकतो म्हणून त्याला संघातून काढले आणि हंगाम संपल्यावर नोकरीवरूनही. दाजी तिथेच उभे होते. मूग गिळून उभे होते. शर्यतीच्या दिवशीच संध्याकाळी धाकटा आमच्या दारापर्यंत आला होता आणि तिथूनच परत गेला. त्यानंतर आलाच नाही.

त्याचे चाक मात्र माझ्याजवळ राहिले. दाजींनी माझी सीट बदलली, चेन बदलली, ब्रेक बदलले. त्या चाकाला कधी हात लावला नाही. आणि हळूहळू मलाही लावेनासे झाले. रविवारचे पुसणे महिन्यावर गेले, मग वर्षावर, आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा मी खिळ्यांवर गेले.

तर मित्रांनो, गेल्या सोमवारी माझी किंमत करायला एक बाई आल्या. बाजारात त्यांचे चाके बांधायचे दुकान आहे आणि सगळे त्यांना चाकवाली म्हणतात. त्यांनी मला खाली उतरवले, उलटे केले, पॅडलच्या मुळाशी कोरलेला नंबर भिंगातून वाचला. नळ्यांवर नखाने टकटक केली. रंगाचे टवके उडालेले बघून दाजी म्हणाले, "रंगवून घेऊ का?" चाकवाली ओरडल्याच. "अजिबात नको, काका! जुन्या रंगालाच पैसे आहेत." मला बरे वाटले. माझ्या टवक्यांचे कौतुक पहिल्यांदाच झाले.

मग त्यांनी मागचे चाक फिरवले, पुढचे फिरवले, आणि थांबल्या. "हे चाक हिचं नाही. मागचा हब बघा, केवढ्या कडा आहेत. हा पुढचा साधा आहे. कधी बदललंत?"

"तारा तुटल्या होत्या. झाली खूप वर्षं," दाजी म्हणाले.

एवढ्यात ताई आतून भिंतीवरची तसबीर घेऊन आल्या. "हे बघा, हिनं शर्यत जिंकलीय! यांना सांगायची लाज वाटते, म्हणून मीच दाखवते." तसबिरीत दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. एक सकाळी सुटतानाचा, एक दुपारी पोहोचल्यावरचा. एकतीस वर्षे आल्यागेल्याने ते पाहिले आहेत. पण लोक फोटोत माणसे बघतात. चाकवालीने चाके बघितली.

सकाळच्या फोटोत माझ्या पुढच्या हबला मोठ्या कडा होत्या. दुपारच्या फोटोत नव्हत्या.

त्यांनी भिंग आधी एका फोटोवर धरले, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. माझ्या अंगात रक्त असते तर त्याचे पाणी पाणी झाले असते. दाजींच्या कपाळावर घाम आला. ताई आपल्या कौतुकाने बघत होत्या. चाकवालीने दाजींकडे एकदा पाहिले आणि तसबीर हळूच ताईंच्या हातात दिली.

"असं आहे, काका," त्या म्हणाल्या आणि कागदावर दोन आकडे लिहिले, एक वर आणि एक खाली. "नुसत्या जुन्या सायकलला हा खालचा. शर्यत जिंकलेल्या सायकलला हा वरचा, जवळजवळ तिप्पट. पण त्यासाठी मालकानं सायकलची हकिगत सहीनिशी लिहून द्यावी लागते. चाकासकट. तुम्ही लिहाल त्याला मी किंमत लावीन. शुक्रवारी येते."

ताई हरखल्या. "लिहा की! जिंकलात ते जिंकलात, त्यात काय लपवायचंय?"

दाजी तीन दिवस लिहीत होते. टेबल गॅलरीच्या दाराशी आहे, त्यामुळे मला सगळे दिसत होते. पहिल्या कागदावर शर्यत होती, चाक नव्हते. दुसऱ्यावर चाक होते, पण ते शर्यतीनंतर बदलले होते. दोन्ही कागद त्यांनी फाडले. काचेवरचा केसाएवढा ओरखडा न खपणारा हा माणूस, त्याला स्वतःची एक ओळ पसंत पडेना. गुरुवारी सकाळी मात्र त्यांनी एका दमात पानभर लिहिले, सही केली, आणि मला हाताने ढकलत बाहेर काढले. माझ्या टायरांत हवा नव्हती आणि त्यांच्या गुडघ्यांत जोर नव्हता. दोघेही लंगडत निघालो.

धाकट्याचे इस्त्रीचे दुकान आहे, चार गल्ल्या पलीकडे. मित्रांनो, चारच गल्ल्या! तो शर्टाची कॉलर दाबत होता. केस पांढरे झालेले. दाजींनी मला फळीला टेकवले आणि उभ्या उभ्या पत्र वाचायला सुरुवात केली. घाट, खड्डा, चाक, दरी, मॅनेजरसाहेब, सगळे वाचले. धाकट्याची इस्त्री थांबली नाही.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मला काय वाचून दाखवताय, दाजी? मी तिथंच होतो की."

दाजी म्हणाले, "तू रागावून येईनास, म्हणून..."

"राग नाही. चाक मी आपणहून दिलं होतं, मागून थोडंच घेतलंत? पण तुमच्याकडे जेवायला बसलो असतो तर ताईनं विचारलं असतं. मग तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं. ते मला जमत नाही. तुम्हाला जमतं." त्याने शर्टाची घडी घातली. "तिला वाचून दाखवलंत?"

दाजींनी पत्र खिशात घातले.

"मग जा. माझ्याकडे लोकांचे कपडे पडलेत."

निघताना त्याची नजर माझ्या पुढच्या चाकावर गेली. त्याने ते बोटाने हलकेच फिरवले.

घरी ताई बरण्या कागदात गुंडाळत होत्या. दाजींनी मला गॅलरीत नेलेच नाही. दारातच टेकवले आणि म्हणाले, "अहो, जरा बसता का?" एरवी ते ताईंना अहो म्हणत नाहीत. ताई बसल्या. दाजींनी तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले.

पत्र संपले. ताईंनी एवढेच विचारले, "मग तो त्या दिवशी घाटातून आला कसा?"

"चालत. सायकल खांद्यावर घेऊन. एकोणीस किलोमीटर."

ताई हातातल्या बरणीवरचा कागद सोडू लागल्या. मग म्हणाल्या, "तो दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, दाजी जिंकले आणि तुझं तोंड का उतरलंय, एवढं जळू नये माणसानं. असं म्हटलं मी. तुम्ही इथं, या खुर्चीत बसला होतात. ऐकलंत आणि बसून राहिलात."

दाजी म्हणाले, "हो."

ताईंनी बरणी खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या. दाजी उठले. "मी येऊ बरोबर?" ताई म्हणाल्या, "नको." आणि एकट्याच गेल्या.

गुरुवारी त्या परत आल्या नाहीत. शुक्रवारी चाकवाली आल्या तेव्हाही घरात दाजी एकटेच होते. चाकवालीने पत्र दोनदा वाचले आणि वरचा आकडा खोडला. नियम मोडून जिंकलेल्या सायकलला जिंकलेली म्हणता येत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. दाजी म्हणाले, "तेच म्हणतोय मी." मग चाकवाली म्हणाल्या, की भिंतीवर शोभेला लावणारे गिऱ्हाईक आता मिळायचे नाही, पण चालवणारे मिळेल. माझ्या किमतीचे एवढेच झाले. मला त्याचे दुःख नाही. खालचा आकडा खरा आहे.

आज सकाळी ताईंचा निरोप आला. "दुपारी दोघं येतोय. स्वयंपाक तुम्ही करून ठेवा." दाजींनी जन्मात कधी गॅस पेटवलेला नाही. आता आत काहीतरी करपल्याचा वास येतो आहे, आणि ते मधूनमधून दाराशी येऊन रस्त्याकडे बघून जात आहेत. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेलपाणी केले, वेळच्या वेळी पुसले तर आम्ही टिकतो, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यासाठी कुणी रस्त्यात थांबले असेल, तर त्याचे नाव त्याच दिवशी घरी सांगा. उशिरा सांगितले तरी खरे ते खरेच राहते. पण तोवर ऐकणारी माणसे म्हातारी झालेली असतात.