नॅनोजलाने उतरलेली साखर

सभागृहात खुर्च्या दोनशे आणि मधुमेही तीनशे. उरलेले उभे होते, पण तक्रार कुणाची नव्हती. साखर पाच मिनिटांत उतरणार असेल तर माणूस एका पायावरही उभा राहतो.

व्यासपीठावर नॅनोगुरू होते. पूर्वीचे गुरू शक्ती हिमालयातून आणत, हे थेट प्रयोगशाळेतून आणत. "या पाण्यात सोन्याचे नॅनोकण आहेत. ते बोटातून शिरतात आणि साखरेला धरून बाहेर काढतात. कण दिसत नाहीत, हाच पुरावा."

विधी ठरलेला. एक संत्रं स्वतःच्या हाताने सोलून खायचं, लगेच बोट टोचून साखर मोजायची. मग नॅनोजलाच्या बादलीत हात बुडवून, पुसून पुन्हा मोजायची. माझ्या मामाचा पहिला आकडा तीनशे ऐंशी, दुसरा एकशे सव्वीस. टाळ्या.

"आजपासून इन्सुलिन बंद," मामाने जाहीर केलं. मामीचा चेहरा पडला. गेल्या वर्षी चार दिवस सुया चुकवल्या, तेव्हा त्याला अतिदक्षता विभागातून परत आणलं होतं.

माझी धाकटी बहीण साखर मोजायच्या पट्ट्या बनवते. ती पुढे झाली. "गुरुजी, मला मधुमेह नाही. माझी तपासा."

"निरोगी माणसाला काय गरज?"

"बघू द्या की," मामी म्हणाली. "तिची नाही उतरली तरी चालेल."

बहिणीने संत्रं सोललं, पण न खाता माझ्या हातात दिलं. बोट टोचलं. तीनशे चाळीस. मग नळावर साबणाने हात धुऊन, पुसून आली. ब्याण्णव.

"फोडही न खाता?" मामा पुटपुटला.

"मामा, सोन्याचे कण आहेत, पण ते या पट्टीवर. मीच लावते. पट्टीवरचं विकर, म्हणजे एन्झाइम, साखरेला भिडलं की जराशी वीज सुटते, कण ती यंत्राकडे पोचवतात. साखर रक्तातली की बोटाला लागलेल्या रसातली, हे पट्टीला काय कळणार?"

"मग माझे एकशे सव्वीस?"

"ते खरे. सकाळी मामीने टोचलेल्या इन्सुलिनचे. श्रेय बादलीने घेतलं."

गुरूंनी श्रद्धा कमी पडल्याचं निदान केलं. पण पुढच्या तीन रांगा नळाकडे निघाल्या होत्या.

मामाने बोट पुन्हा एकदा पुसलं. "संध्याकाळची सुई किती वाजता असते गं?" त्याने मामीला विचारलं.

"आठ. रोजच्यासारखी."

शास्त्रातला शब्द कुणीही उचलून तोंडात घालू शकतो. आपण एवढंच विचारावं, की तेच साध्या पाण्याने करून पाहिलं तर काय होतं? त्याला पदवी लागत नाही. नळ आणि साबण पुरतो.