चौथी ओळ

चष्मेवाल्या काकांना चार ओळी लिहायच्या होत्या. चार दिवस झाले तरी कागदावर तीनच होत्या. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते कागद फ्रेमच्या पेटीखाली सरकवत, चष्म्याची दांडी घट्ट करून देत आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा बाहेर काढत. चौथी ओळ सुचतच नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. शुद्ध थाप होती ती.

ही ओळींची रीत त्यांच्या लेकीने घालून दिलेली. पूर्वी वसाहतीच्या सभेला मोजून अकरा माणसं यायची आणि तीच सगळ्यांचं ठरवायची, कारण भिंतीवरची नोटीस वाचतो कोण? लेक गाणं शिकवायची. ती म्हणाली, "बाबा, लोक वाचत नसतील, पण ऐकतात ना? तुम्ही डफ घ्या." तेव्हापासून प्रत्येक प्रश्न सभेत आधी डफावर गायला जाई. दोन्ही बाजूंना चार-चार ओळी, चाल एकच, आणि त्या त्या बाजूचं सगळ्यात खरं म्हणणं चौथ्या ओळीत. मग डफ हातोहात फिरे. ज्याच्या हातात डफ त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेल्या इस्त्रीवाल्या बाई एकदा डफ छातीशी धरून पाण्याच्या टाकीबद्दल अशा काही बोलल्या की महिन्याभरात टाकी दुरुस्त झाली. हे डफवाले काय दिवे लावणार, असं म्हणणारेही हल्ली खुर्ची पकडायला लवकर यायचे.

लेक पुढच्या रांगेत बसून बोटांवर ओळी मोजायची. बाबांनी लबाडी करू नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आणि आता सभेपुढचा प्रश्न होता, कोपऱ्यातली गाण्याची खोली काढून तिथे दवाखाना करायचा का?

खोली तिचीच. फळ्यावर तिने खडूने लिहिलेले सूर अजून तसेच होते. काका रोज सकाळी खोली झाडत, फळ्याला तेवढं फडकं लावत नसत. खोलीच्या बाजूच्या चार ओळी त्यांच्या एका बैठकीत झाल्या. दवाखान्याच्या तीन ओळीही निघाल्या, म्हाताऱ्यांचे गुडघे, तान्ह्यांचे ताप, दूरचा रस्ता. चौथी त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होती.

शनिवारी काकूंनी विणकाम बाजूला ठेवून कागद ओढून घेतला. चौथ्या जागी लिहिलं होतं, 'पंखा फिरेल गरगर, हवा येईल गार.'

"हे काय? दवाखाना काढताय की पंखे विकताय?"

"नाही सुचत."

"चाळीस वर्षं मला मारायला टोमणे बरे सुचतात."

काका हसले नाहीत. "अगं, ती आहे त्या खोलीत. ती खोली गेली तर माझ्याकडे काय उरतं?"

काकूंनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "तिचा जीव खोलीत नाही गेला हो. पुलावर गेला." आणि कागद परत देऊन विणायला बसल्या. टाके चुकत होते, तरी विणत राहिल्या.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. काकांनी आधी खोलीची बाजू गायली आणि लोकांचे डोळे पाणावले. एवढ्यावर थांबलं असतं तर खोली वाचली असती, हे कुणालाही कळत होतं. मग दवाखान्याची बाजू. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पुढच्या रांगेत, लेकीच्या खुर्चीवर, काकू बसल्या होत्या. त्यांची तीन बोटं उघडली होती. चौथं मिटलेलं होतं.

काकांनी कागद खिशात घातला. डफावर थाप मारली, पुन्हा एक मारली आणि गायले.

"पूल सरला नाही, मांडीवर लेकीचा श्वास सरला."

लेकीला दम्याची उबळ आली ती दुपारची वेळ होती, दवाखाना पुलापलीकडे अर्ध्या तासावर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण काकांच्या तोंडून दोन वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. डफ फिरवला, तर बोलायला कुणी घेईना. तो जसा गेला तसाच परत आला.

मग हात मोजले. दवाखान्यासाठी पहिला हात काकूंचा वर झाला आणि मागोमाग जवळजवळ सगळ्यांचे. खोलीसाठी सात हात. त्यातला एक काकांचा.

दुपारी दोघं खोली रिकामी करायला गेली. चटया गुंडाळल्या, तंबोरा गवसणीत घातला. शेवटी फळा राहिला. काका फडकं घेऊन उभे राहिले आणि त्यांचा हात काही उचलेना.

"तुमचा हात खोलीसाठी होता," काकू म्हणाल्या.

"हो. रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मीही खोलीसाठी वर केला असता, पण माणसाचा एकच हात मोजतात हो."

त्यांनी काकांच्या हातातलं फडकं घेतलं, फळ्याच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथेच कपाळ टेकून हमसून रडल्या. पदराला खडूचा एक सूर लागला. तो त्यांनी झटकला नाही.