तिसऱ्या खेपेचं बीजगणित

सुहासिनी आगटे एका अमेरिकन कम्युनिटी कॉलेजात नऊ वर्षं गणित शिकवत होती. पुण्याची एम.एस्सी. घेऊन आलेल्या बाईला ॲन आर्बरच्या मोठ्या विद्यापीठात कुणी दारात उभं केलं नव्हतं. तिथून तासाभरावरच्या या कारखान्याच्या गावात मात्र तिला लगेच वर्ग मिळाला. इथे प्रवेशाला अट नव्हती. शाळा अर्धवट सोडलेली मुलं, तीन पोरांच्या आया, पाळी संपवून आलेले कामगार, कुणीही यावं आणि अपूर्णांकांपासून सुरुवात करावी.

१९८१ साली मोटारींचे पत्रे ठोकणारा कारखाना बंद पडला आणि तिच्या वर्गात पन्नाशीची माणसं दिसायला लागली. वॉल्टर नोवाक त्यांतलाच. अठ्ठावीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर काढलेली, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्याला ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता, आणि त्यासाठी आधी बीजगणित पास होणं सक्तीचं होतं. तो दोनदा नापास झाला.

तिसऱ्या खेपेला सुहासिनीने त्याला रोज दुपारी ऑफिसात बोलवायला सुरुवात केली. पत्रा नुसता चिमटीत धरून तो त्याची जाडी अचूक सांगायचा, पण समीकरणात अक्षर आलं की अडायचा.

"हे अक्षर म्हणजे किती, ते आधीच सांगितलं तर काय बिघडतं?" तो वैतागून म्हणायचा.

"मग तुम्ही शोधायचं काय?"

"मिसेस आगटे, मी गेलं वर्षभर नोकरी शोधतोय. शोधायची मला हौस उरलेली नाही."

कॉलेजला त्या वर्षी पंचवीस वर्षं होत होती. रौप्यमहोत्सवाची पुस्तिका लिहायचं काम डीनने सुहासिनीच्या गळ्यात घातलं होतं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. जुने फोटो टेबलावर पसरलेले असायचे. एकदा वॉल्टरने त्यांतला एक उचलला.

"हे हायस्कूलचं तळघर. पहिली दोन वर्षं कॉलेज इथेच भरायचं. आपण बसलोय ना, तिथे तेव्हा बटाट्याचं शेत होतं. युनियनने रविवारी माणसं पाठवली, पायाचं खोदकाम केलं. मीही होतो. कॉलेजसाठी जादा घरपट्टीला आख्ख्या गावाने हो म्हटलं होतं. माझा मुलगा तेव्हा आईच्या पोटात होता. म्हटलं, त्याच्या कामी येईल."

"आलं?"

"तो लष्करात गेला. कॉलेज माझ्याच नशिबात होतं."

हे सगळं तिने पुस्तिकेत लिहिलं, त्याच्या नावासकट.

डिसेंबरात वॉल्टर पास झाला. शंभरात एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी बायकोने भाजलेला खसखशीचा रोल त्याने सुहासिनीच्या टेबलावर ठेवला आणि बीजगणिताच्या पुढच्या वर्गात नाव घातलं; ड्राफ्टिंग सप्टेंबरात सुरू होणार होतं.

मार्चमध्ये कॉलेजच्या घरपट्टीवर पुन्हा मतदान झालं. या वेळी गावाने नाही म्हटलं, एकशे बारा मतांनी. सकाळी डीनने सगळ्यांना बोलावलं. ड्राफ्टिंग आणि वेल्डिंग उन्हाळ्यापासून बंद, सहा शिक्षक कमी, पुस्तिकेची छपाई रद्द. गणित सगळ्यांनाच लागतं, म्हणून सुहासिनी राहिली.

"अगं, तुझा जॉब सेफ आहे ना?" दिगंबर, तिचा नवरा, जेवताना म्हणाला. "मग टेन्शन कशाला घेतेस?"

ती ताटावरून उठली.

वॉल्टरला कोर्स बंद झाल्याचं तिलाच सांगावं लागलं. तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "मी 'नाही'वर खूण केली होती."

तिला आधी कळलंच नाही.

"आमच्या गल्लीत सगळ्यांनीच केली. बेकारी भत्ता संपला, त्यात घरपट्टी. कॉलेज काय, असतंच, असं वाटलं. कोर्स बंद करतील असं कुणी बोललं नाही."

सुहासिनीला ओरडावंसं वाटलं. तुम्ही खणलेला पाया हा, असं म्हणावंसं वाटलं. पण तिने स्वतः तर मतच दिलं नव्हतं. अकरा वर्षं ती ग्रीन कार्डावर होती, मताचा हक्क नव्हता. नागरिकत्वाचा फॉर्म भरून खणात ठेवला होता, भारताचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणून.

"तुमच्या जागी मीही तेच केलं असतं," ती म्हणाली. खरं म्हणाली की खोटं, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

साठ मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात ड्राफ्टिंग होतं. तिने फोन केला. दोन वर्षांची वेटिंग लिस्ट होती.

"तोवर मी पंचावन्न होईन," वॉल्टर म्हणाला. "पंचावन्नच्या माणसाला ड्रॉइंग काढायला कोण बसवतं?"

तरी तो मे महिन्यापर्यंत वर्गात येत राहिला, शेवटच्या बाकावर. गृहपाठ एकदाही चुकवला नाही. परीक्षेत त्याला 'बी' मिळाला. निकाल न्यायला मात्र तो आला नाही.

ऑगस्टमध्ये सुहासिनीला त्याची बायको वाणसामानाच्या दुकानात भेटली. वॉल्टर टेक्ससला लेकीकडे गेला होता, तिथल्या एका मॉलमध्ये पहारेकरी म्हणून लागला होता. घर विकलं जाईपर्यंत बायको मागे थांबली होती, आणि घराला गिऱ्हाईक नव्हतं.

"त्यांचा निकाल चांगला लागला, मिसेस नोवाक," सुहासिनी म्हणाली. "कळवा त्यांना."

"कळवते," ती बाई म्हणाली. "पण तो आता कॉलेजचं नाव काढत नाही."

सप्टेंबरात ड्राफ्टिंगच्या खोलीला कुलूप होतं. बीजगणिताच्या वर्गात चौदा जण बसले होते, बहुतेक त्याच कारखान्यातले. पहिल्याच तासाला एकाने हात वर केला आणि विचारलं, "मॅम, हे पास झालं की आम्हाला पुढे कुठला कोर्स घेता येईल?"

सुहासिनीने कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं. रद्द झालेल्या कोर्सांवर ऑफिसने शिक्के मारले होते. पानामागून पान उलटत ती शेवटापर्यंत गेली.

"ते आपण नंतर बघू," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.